टाकीच्या तळाशी थांबलेलं तेल

डिप टेप, म्हणजे टाकीतल्या तेलाची खोली मोजायची फीत, तिचं पितळी वजन टाकीच्या तळाला टेकलं की हाताला कळतं. तेलातून टेप सरसर सुटत असते आणि मग पत्र्यावर पितळ टेकल्याचा बारीकसा ठोका टेपमधून थेट बोटांत येतो. डोळे मिटून उभं राहिलं तरी चुकत नाही. त्या जानेवारीत तो ठोका येईना. वजन कशात तरी हळूच रुतून थांबायचं. छपरावरच्या गेज हॅचपासून, म्हणजे माप घ्यायच्या झाकणापासून, तळाला मापासाठी बसवलेल्या डेटम प्लेटपर्यंतचं अंतर टाकीवर रंगवलेलं असतं, आणि टेप त्याच्या ४१ सेंटिमीटर आधीच थांबत होती. आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, त्यांनी माझ्या हातून टेप घेतली, दोनदा सोडून बघितली आणि म्हणाले, "मॅडम, टाकी भरलीय खालून."

मी रायगडच्या किनाऱ्यालगतच्या एका तेल टर्मिनलच्या प्रयोगशाळेत काम करते. माहेर करंज्याचं, वडील मच्छीमार. क्रूडच्या, म्हणजे कच्च्या तेलाच्या, टाक्या तळातून साफ करण्याची तीन कामं मी जवळून बघितली आहेत. त्यातलं हे तिसरं, आणि यात पहिल्या दिवसापासून शेवटच्या ट्रकपर्यंत माझी सही होती. टाकीच्या तळातला गाळ म्हणजे फेकायची घाण, ही समजूत आमच्या धंद्यात इतकी मुरलेली आहे की तो गाळ बहुतांशी तेलच असतं, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

टाकी ७९ मीटर व्यासाची, तरंगत्या छपराची; म्हणजे छप्पर तेलावरच तरंगतं आणि तेल उपसलं की आपल्या पायांवर उभं राहतं. एवढ्या तळावर एक सेंटिमीटर गाळ म्हणजे ४९ घनमीटर. गावात पाणी घेऊन येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा, तसे जवळजवळ पाच टँकर, नुसत्या एका सेंटिमीटरला. हे गणित मी पहिल्याच मीटिंगला फळ्यावर लिहिलं. ४१ सेंटिमीटर हा आकडा तोवर कुणाला फारसा वाटला नव्हता.

पण एका हॅचमधून घेतलेल्या एका मापावर काही ठरवता येत नाही. गाळ सपाट बसत नाही. टाकीच्या भिंतीला मिक्सर बसवलेले असतात. त्यांच्या समोर पंख्याचा झोत पोचतो तिथे तळ बऱ्यापैकी स्वच्छ राहतो, आणि झोत मंदावतो तिथे ढीग साचतो, भरतीचं पाणी ओसरताना खाडीच्या वळणावर चिखल साचतो तसाच. म्हणून छप्पर तरंगत असताना त्याचे पाय एकेक करून वर काढले आणि ते पाय ज्या नळ्यांत बसतात त्यांतून टेप सोडून चाळीस ठिकाणी मापं घेतली. चार दिवस लागले. मामा टेप सोडायचे, एक पोरगा वाचायचा, मी लिहायचे. संध्याकाळी मापं आलेखाच्या कागदावर चढवली तेव्हा टाकीच्या पोटातली टेकडी पहिल्यांदा दिसली. दोन मिक्सरच्या मधल्या भागात ती एक मीटरच्या वर गेली होती, तर काही ठिकाणी जेमतेम वीतभर. सरासरी निघाली ३५ सेंटिमीटर, म्हणजे सतराशे घनमीटर गाळ.

हे मोजमाप न करता टाकी रिकामी करायला घेतली असती तर छप्पर खाली उतरताना त्याचे काही पाय तळावर आणि काही गाळाच्या ढिगावर टेकले असते. शेकडो टनांचं छप्पर तिरकं बसलं की पाय वाकतात, कडेचं सील फाटतं, वेळेला छप्परच अडकतं. साफसफाईचं काम खरं तर तिथेच बिघडतं किंवा सुधारतं, आणि तो टप्पा बहुतेकांना वेळकाढूपणा वाटतो.

आता हा गाळ येतो कुठून? आमच्याकडे मुख्यतः मुंबई हायचं तेल. १९७४ साली सागर सम्राटने तिथे विहीर खोदली, १९७६ पासून तेल यायला लागलं. हे तेल हलकं आहे आणि गंधकही कमी, पण त्यात मेण भरपूर. साधारण ३० अंश सेल्सिअसच्या खाली ते वाहायचं थांबतं. आमच्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा त्याच्या कितीतरी खाली असतो. टाकीच्या भिंती आणि तळ गार पडले की तिथलं मेण आधी बारीक कणांनी वेगळं होतं, मग त्या कणांची जाळी होते आणि त्या जाळीत बाकीचं सगळं अडकतं: पाण्याचे थेंब, विहिरीतून आलेली वाळू, पाइपलाइनचा गंज, डांबरासारखे जड घटक. वेगवेगळ्या प्रकारचं तेल एकाच टाकीत घेतलं तर हे जड घटक आणखी लवकर खाली बसतात. दहा-बारा वर्षं हे चालू राहिलं की मीटरभर उंचीची टेकडी तयार होते.

नमुना काढला तेव्हा सकाळचे साडेसात झाले होते. बरणीतला गाळ काळा, चकचकीत, चपलांच्या पॉलिशसारखा घट्ट. चमचा उभा राहत होता. तीच बरणी मी प्रयोगशाळेच्या खिडकीत उन्हात ठेवली आणि दुपारी जेवून आले तेव्हा चमचा आडवा पडला होता. कडेने तेलाची पातळ रेघ सुटली होती. टाकीचं काम कसं करायचं, याचं अर्धं उत्तर त्या बरणीत होतं. ही वस्तू मुळात गोठलेली आहे, तिला उष्णता आणि थोडं पातळ तेल मिळालं की ती वाहू लागते.

उरलेलं अर्धं उत्तर डीन-स्टार्कच्या उपकरणाने दिलं. काचेच्या चंबूत गाळ आणि टोल्युइन घ्यायचं, उकळू द्यायचं. वाफ वर जाते, गार होते आणि तिच्याबरोबर आलेलं पाणी बाजूच्या आकड्यांच्या नळीत तळाला जमतं. ते बघायला मला आजही आवडतं. काळ्याकुट्ट गाळातून एकेक थेंब स्वच्छ पाणी निघतं आणि नळीत टपकून टोल्युइनच्या खाली जाऊन बसतं. आठ ठिकाणचे नमुने, प्रत्येकाचं पाणी वेगळं, मग प्रत्येकातले घन कण टोल्युइनने धुऊन, वाळवून, तोलून. सरासरी अशी आली: तेल आणि मेण मिळून ६५ टक्के, पाणी २६, वाळू-गंज वगैरे ९.

मी हे तीन आकडे घेऊन वरिष्ठांकडे गेले. सोळाशे टन माल आहे, त्यात हजार टनांच्या पुढे तेल आहे, आणि खरोखर टाकून द्यावी अशी वस्तू दीडशे टनसुद्धा नाही. हिशेबाच्या वहीत हा माल वर्षानुवर्षं 'डेड स्टॉक' म्हणून पडून होता. एक सूचना अशी होती की टाकी उघडायची, गाळ उपसून पिंपांत भरायचा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्प्रक्रियावाल्यांना ई-लिलावात विकून मोकळं व्हायचं. कायद्याने ते चालतं. पण लिलावात त्याला तेलाचा भाव मिळत नाही, गाळाचा मिळतो. आणि दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटत होती. सोळाशे टन गाळ उपसायचा म्हणजे माणसं आत जाणार.

माझ्या आधीच्या नोकरीत मी ते बघितलं आहे. तेव्हा मी नवीन होते. मॅनहोल उघडलं, पंखे लावले, आणि वीस-बावीस माणसं पाळीपाळीने आत. गुडघाभर गाळ, हातात लाकडी फावडी, रबरी बादल्या, साखळी करून माल बाहेर. बहुतेक पोरं बीड-उस्मानाबादकडची, ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर आलेली. गॅस तपासून परमिट दिलेलं होतं, कागद पूर्ण होते. पण गाळ स्वस्थ पडलेला असतो तेव्हाचं माप आणि तो फावड्याने फोडल्यावरचं माप यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. गाळ हलवला की त्याच्या पोटात अडकलेला वायू सुटतो. दुसऱ्या दिवशी एक मुलगा आत बसकण मारून बसला. बाहेर काढलं, ऑक्सिजन दिला, तो वाचला. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं विचारलं, "आजची हजेरी लागंल का?" ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. उपसलेला गाळ तिथे एका खड्ड्यात ओतला. मी ती नोकरी सोडली तेव्हाही तो खड्डा तसाच होता, पावसाळ्यात वर पाणी आणि पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग.

तवंगाचं मला जास्त लागतं, कारण घरी ते भोगलं आहे. २०१०च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन जहाजांची टक्कर झाली आणि तेल आमच्या किनाऱ्यापर्यंत आलं. नारळी पौर्णिमेला पंधरवडा उरला होता. जाळी दुरुस्त करून, होड्या रंगवून सगळे तयार बसलेले. वडील किनाऱ्यावरून आले ते पायाला डांबर चिकटलेले, आणि काही न बोलता रॉकेलच्या फडक्याने पाय पुसत बसले. तेल पाण्यात गेलं की ते कुणाच्या दारात जाईल याला हिशेब नाही.

तर आम्ही ठरवलं: गाळ टाकीतच वितळवायचा, तेलातून आलेला तेलातच परत पाठवायचा, आणि माणूस सगळ्यात शेवटी आत जाईल.

पहिला टप्पा धुण्याचा. टाकीत थोडं तेल ठेवून, छपराच्या पायांच्या नळ्यांतून फिरते नोझल आत सोडले. शेजारच्या टाकीतलं तेल गरम करून पंपाने या नोझलमधून मारायचं, झोताने ढीग कापायचा, विरघळलेला माल ओढून गाळणीतून पुढच्या टाकीत न्यायचा. छप्पर पायांवर टेकलं की त्याच्या खाली वाफांची पोकळी तयार होते. तेलाचा जोरदार झोत उडताना स्थिर वीज तयार होते, आणि ठिणगी कुठे पडेल सांगता येत नाही. म्हणून त्या पोकळीत नायट्रोजन भरून ऑक्सिजन ८ टक्क्यांच्या खाली ठेवायचा, आणि मीटर त्याच्या वर गेला की पंप आपोआप बंद. या एका बाबतीत मी कुणाचंही ऐकलं नाही. एका रात्री नायट्रोजनचा टँकर घाटात अडकला आणि आम्ही साडेनऊ तास नुसते बसून राहिलो. काम थांबल्याचा खर्च मला सकाळी विचारला गेला. मी ऑक्सिजनचा आलेख काढून टेबलावर ठेवला.

पहिले दोन दिवस गाळण्या सतत तुंबत होत्या. दर चाळीस मिनिटांनी गाळणी उघडायची, मेणाच्या वड्या काढायच्या, पुन्हा लावायची. मग लक्षात आलं की धुण्याचं तेल टाकीपर्यंत येताना पाइपमध्येच गार होत होतं. शेडमध्ये ५५ अंश, नोझलजवळ ३८. पाइपला लोकर आणि पत्रा गुंडाळला, वाफेची बारीक नळी बरोबर नेली, नोझलजवळ ५० अंश मिळायला लागलं आणि गाळणी पाळीतून एकदाच उघडावी लागू लागली. टेकडीचा सगळ्यात उंच भाग सहा दिवसांत गेला. पुढच्या टाकीत गेलेल्या तेलाचे नमुने मी दर चार तासांनी घेत होते, कारण तिकडे पाणी आणि वाळू जास्त गेली तर रिफायनरीतल्या डिसॉल्टरची, म्हणजे तेलातलं मीठ-पाणी काढणाऱ्या यंत्राची, घडी विस्कटते. आपली टाकी स्वच्छ करून दुसऱ्याच्या गळ्यात घाण बांधायची, हे मला करायचं नव्हतं. धुतलेला माल आधी एका टाकीत बसू द्यायचा, पाणी खालून काढायचं, आणि मगच थोडा थोडा ताज्या तेलात मिसळून पाठवायचा, असं ठरलं.

या टप्प्यात अंदाजे दोन-तृतीयांश गाळ तेलात परत गेला. उरला तो चिवट: पाणी, वाळू आणि मेण एकमेकांत पक्के मिसळलेला. त्यासाठी तीन वाटांचं सेंट्रिफ्यूज आणलं होतं. गरम गाळ आत, हजारो पटींच्या गुरुत्वाने तो फिरतो, तेल एका तोंडातून, पाणी दुसऱ्यातून, आणि घट्ट लगदा तिसऱ्यातून बाहेर.

इथे माझी चूक झाली. तळाचा थर नोझलला दाद देईना तेव्हा एक धुण्याचं रसायन पाण्यात मिसळून मारण्याची सूचना आली. नमुना दाखवला, पत्र्यावरचा गाळ खरोखर झरझर सुटत होता. वेळ वाचेल असं मलाही वाटलं आणि मी सही केली. ते रसायन सेंट्रिफ्यूजमध्ये काय करेल हे बरणीत तपासून बघायला मला अर्धा दिवस पुरला असता. तो अर्धा दिवस मी घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी तेलाच्या तोंडातून तपकिरी, ताकासारखा द्रव यायला लागला. पाण्याच्या तोंडातूनही तसाच. पत्र्यावरून तेल सोडवणारा साबण पाण्याचा थेंब तेलात धरूनही ठेवतो. प्रत्येक थेंबाभोवती त्याने पातळ कातडं चढवलं होतं, आणि थेंब एकमेकांना भेटून मोठे होतच नव्हते. कितीही घुसळलं तरी लोणी येईना. तीनशे घनमीटर चांगला माल आम्ही आमच्या हाताने बिघडवला होता.

मी ते रसायन त्याच रात्री बंद करायला सांगितलं आणि प्रयोगशाळेत बसले. बारा नळ्या, प्रत्येकीत शंभर मिलिलिटर तो द्रव. चार वेगवेगळे डिमल्सिफायर, म्हणजे मिसळलेलं तेल-पाणी वेगळं करणारी औषधं, तीन मात्रा. आधी ६० अंशांवर, मग ७०, मग ८०. प्रत्येक वेळी हलवायचं, ठेवायचं, दर पंधरा मिनिटांनी दिव्यासमोर धरून बघायचं की तळाला पाण्याची रेघ येते का. ६० वर काहीच नाही. ७० वर दोन नळ्यांत धूसर रेघ. तिसऱ्या रात्री ८० अंशांवर पाच नंबरच्या नळीत तळाला आधी चार, मग नऊ, मग एकोणीस मिलिलिटर पाणी उतरलं. वर काळं तेल, खाली पाणी, मधे कागदाइतका पातळ पडदा. मी ती नळी घेऊन कंट्रोल रूममध्ये गेले. पहाटेचे पावणेचार झाले होते, मामांनी चष्मा लावून नळी दिव्यापुढे धरली आणि "आलं की," एवढंच म्हणाले.

तेच औषध, तीच मात्रा, ८० अंश आणि सेंट्रिफ्यूजच्या आधी दहा तास गरम टाकीत स्वस्थ ठेवणं, एवढ्याने घडी बसली. तेलातलं पाणी दीड टक्क्यावर आलं. पण एकूण अकरा दिवस गेले. हे मी माझ्या अहवालात माझ्या नावासह लिहिलं. धुण्याचं रसायन निवडताना ते गाळ किती लवकर सोडवतं हे सगळे विचारतात. सोडवलेलं तेल आणि पाणी नंतर वेगळं होतं का, हे आधी विचारायला हवं.

मग हवा खेळती केली, गॅस तपासला आणि माणसं आत गेली. आत उरलं होतं ते बोटभर. आधीच्या नोकरीत बावीस माणसं तीन आठवडे उपसत होती, इथे सहा माणसं पाच दिवस, दोघं मॅनहोलपाशी नजर ठेवून. ऑक्सिजन २०.९, ज्वलनशील वायू शून्य, हायड्रोजन सल्फाइड शून्य, बेंझिन मोजायची नळी वेगळी. हे सकाळी एकदा मोजून भागत नाही. कोपरा खरवडला की पुन्हा मोजायचं, जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा. प्रत्येकाच्या छातीवर स्वतःचा मीटर. आत जाण्याआधी मी त्या सहाही जणांना डीन-स्टार्कची नळी आणि गाळाची बरणी दाखवली, आत काय आहे ते समजावं म्हणून. त्यातला एक जण म्हणाला, "ताई, धा वर्सं हेच काम करतोय, पर ह्यात काय असतंय ते आज कळालं."

एक प्रसंग विशेष लिहायला हवा. तळ खरवडताना निघालेल्या काळ्या पापुद्र्यांचा छोटा ढीग मॅनहोलबाहेर लोखंडी ट्रेमध्ये ठेवला होता. त्यावर पाणी मारत राहायचं असं सांगितलेलं होतं, पण दुपारी पाळी बदलताना ते राहिलं. अर्ध्या तासात ट्रेमधून धूर यायला लागला. जवळ ना ठिणगी, ना आग. ते आयर्न सल्फाइड होतं. आमचं तेल गोडं, गंधक कमी, म्हणून इथे हे होणार नाही असं बऱ्याच जणांना वाटत होतं. पण तळाच्या खारट पाण्यात सल्फेटवर जगणारे जिवाणू असतात, ते हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, तो गंजाशी मिळतो, आणि तयार झालेला हा काळा पापुद्रा सुकून हवेला लागला की आपोआप तापून पेटतो. पाण्याची नळी शेजारीच होती, मिनिटभरात विझलं. हाच ढीग टाकीच्या आत, तेल मुरलेल्या पत्र्यावर सुकला असता तर मी हे लिहायला बसले नसते. त्या दिवसापासून ओलं पोतं टाकल्याशिवाय एकही ट्रे ठेवला गेला नाही.

शेवटी लगदा उरला. सेंट्रिफ्यूजचा आणि खरवडलेला मिळून २४० टन, त्यात अजूनही दहाएक टक्के तेल. हा माल २०१६च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत येतो, पेट्रोलियम टाक्यांच्या साफसफाईची तिथे वेगळी नोंद आहे. आपल्या आवारात तो नव्वद दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि माझे अकरा दिवस त्यातूनच गेलेले होते. आम्ही तो तळोज्याच्या प्रक्रिया केंद्रात पाठवला. प्रत्येक ट्रकमागे फॉर्म १० च्या सात रंगांच्या प्रती. पांढरी मंडळाला, पिवळी आपल्याकडे, गुलाबी माल घेणाऱ्याकडे, नारिंगी ट्रकवाल्याला, हिरवी पुन्हा मंडळाला, निळी माल पोचल्यावर आपल्याकडे परत, आणि करडी, माल दुसऱ्या राज्यात गेला तर, माल पाठवणाऱ्याच्या राज्यातल्या मंडळाला. हा पसारा लोकांना कटकट वाटतो. मला निळी प्रत फार मोलाची वाटते. ती परत आली म्हणजे आपला माल वाटेत कुठल्या नाल्याकाठी उलटा झाला नाही. चोवीस ट्रक गेले, मी चोवीस निळ्या प्रती मोजून फाइलला लावल्या. एक प्रत एकोणीस दिवस आली नाही तेव्हा मी स्वतः तळोज्याला जाऊन वजनकाट्याची नोंद बघून आले.

सगळ्याचा ताळा मांडायला मला आठवडा लागला. हजार टनांच्या आसपास तेल परत आलं, म्हणजे सात हजार बॅरलच्या वर. पाणी सांडपाणी प्रक्रियेतून गेलं. नायट्रोजन, वाफ, सेंट्रिफ्यूजचं भाडं, तळोज्याचा खर्च सगळं वजा जाऊन काम फायद्यात बसलं, बिघडलेले अकरा दिवस धरूनसुद्धा. मापात आणि ताळ्यात चाळीसएक टनांचा फरक राहिला. तो वाफेत आणि पाइपच्या पोटात गेला असावा. मी तो फरक लपवला नाही, वेगळ्या ओळीत लिहिला.

टाकीचा तळ उघडा झाल्यावर तपासनिसांना गाळाच्या उंच ढिगाखालीच पत्र्याला खड्डे सापडले. तेलाखाली अडकलेलं खारट पाणी वर्षानुवर्षं एकाच जागी बसून पत्रा खात होतं. चार प्लेटा बदलल्या. हे दोन-तीन वर्षांनी कळलं असतं तर तेल जमिनीत उतरायला लागल्यावर कळलं असतं.

मिक्सरचा कोन आता स्थिर ठेवत नाही, दर आठवड्याला फिरवतो. दर तीन महिन्यांनी चाळीसपैकी नऊ ठिकाणी माप घेतो. टाकी पुन्हा भरल्यावर पहिली डिप घ्यायला मामांनी मलाच वर पाठवलं. टेप सोडली, तेल ओलांडून वजन खाली गेलं आणि बोटांत तो बारीक ठोका आला. आकडा टाकीवर रंगवलेल्या आकड्याशी मिलिमीटरपर्यंत जुळला. मामा खालून ओरडून विचारत होते, "लागलं का?"

"लागलं, मामा," मी म्हटलं, आणि वहीत वेळ घातली: सकाळचे ८ वाजून १० मिनिटं.